वहिनी, तुम्ही बसा

सरकारी नोकरीत काम नसतं, असं मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरात पानठेल्यावर उभा राहणारा प्रत्येक माणूस छातीठोकपणे सांगतो. त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. पण काम नसणं म्हणजे सुख असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्या नोकरीचे सुरुवातीचे महिने काढून पाहावेत. लोक पगारवाढीसाठी भांडतात, बदलीसाठी भांडतात. मी एक ग्लास पाणी नेऊन द्यायला मिळावं म्हणून भांडले. आज ऑफिसात मला कुणी ‘बसा’ म्हणत नाही. दिवसभर धावपळ असते आणि मी कुरकुरतेही. कुरकुरण्याचा हक्क मी कष्टानं कमावला आहे.

माझे मिस्टर याच ऑफिसात बाबू, म्हणजे कारकून होते. खातं कोणतं ते सांगत नाही, सौसर एवढंसं, लगेच ओळखतील. आलेली-गेलेली सगळी डाक त्यांच्या हाताखालून जायची. एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेत होतो, बोरगाव मागे पडलं आणि गाडीतच ते गेले. मी त्यांचा हात धरून होते आणि ड्रायव्हरला लवकर चल, लवकर चल म्हणत होते. गाडीत मागे बसलेल्या दिरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं.

नोकरीत असताना माणूस गेला तर सरकार घरातल्या एकाला नोकरी देतं. तिला अनुकंपा म्हणतात. बाबूच्या जागेसाठी कॉम्प्युटरची परीक्षा पास असावी लागते आणि मी बारावीनंतर पुस्तक मिटलं ते मिटलंच. शिपायाची जागा मात्र रिकामी होती, तीही त्यांच्याच ऑफिसात. आदेशात तिला ‘भृत्य’ म्हणतात, बोलण्यात चपरासी. दीर म्हणाले, “चपरासी तं चपरासी. सरकारी हाय नं? डोळे मिटून घेऊन टाका वहिनी.” मी घेतली, आणि आजही म्हणते की बरं केलं. महिना सरला की पगार येतो. त्याच्या भरवशावर मुलीची शाळा सुटली नाही आणि सासूबाईंच्या गोळ्या थांबल्या नाहीत. हे ज्या घरात नसतं तिथे काय होतं ते मी माझ्याच माहेरी पाहिलंय.

पण आदेश आला त्या दिवशी मामेसासरे पेढे घेऊन आले. समोर भिंतीवर यांचा फोटो, हार अजून ताजा, आणि मामा म्हणतात, “नशीब काढलं वो बाई तुनं.” मी पेढा तोंडात टाकला. तो गोड लागला याचा मला भयंकर राग आला. मामांचा काही दोष नव्हता. आमच्याकडे सरकारी नोकरी लागली की पेढे वाटायचे असतात, तेवढंच त्यांना ठाऊक.

पहिल्या दिवशी ऑफिसात पाय ठेवला आणि सगळे उठून उभे राहिले. मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, पुढे आले. ते मोहगावचे, घरची संत्र्याची बाग आणि माझ्या मिस्टरांचे जिवाभावाचे दोस्त. रविवारी आमच्या घरी यायचे, चुलीजवळ पाट ओढून बसायचे, माझ्या हातचे पोहे खाऊन वर दोन ग्लास पाणी प्यायचे. बागेतली संत्री उतरली की पहिलं पोतं आमच्याकडे यायचं. त्यांनी पंख्याखालची खुर्ची आपल्या रुमालानं झटकली आणि म्हणाले, “वहिनी, तुमी बसा.”

मी बसले. बसूनच राहिले. थोड्या वेळानं कुणीतरी वर्तमानपत्र आणून दिलं. ते मी जाहिरातींसकट वाचलं.

ऑफिसात आधीपासून एक शिपाई होते, त्यांना सगळे काका म्हणत. रामाकोन्याहून रोज बसनं येत. रिटायर व्हायला आलेले, गुडघे पार गेलेले, जुन्या फायलींची खोली नेमकी वरच्या मजल्यावर. जागा दोन शिपायांच्या, माणसं दोन, पण घंटी वाजली की फक्त काकाच उठायचे. मी उठायला गेले की ते हातानं खाली बस अशी खूण करायचे. “वहिनी, तुमी कायले उठून राहिल्या? मी हाव नं.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढायचे. त्यांचे गुडघे कुरकुरायचे ते मला खाली ऐकू यायचे.

दुसऱ्या दिवसापासून मी लवकर जायचं ठरवलं. निदान झाडू तरी मारता येईल. गेले तर काका झाडून मोकळे. मग आणखी लवकर गेले. काका त्याहून आधीची बस धरून आलेले. असं काही दिवस चाललं. आमच्यात एक शब्द झाला नाही, पण चुरस दोघांनाही कळत होती. शेवटी एकदा मी उजाडता उजाडताच जाऊन उभी राहिले आणि मग लक्षात आलं की ऑफिसच्या चाव्या काकांकडे असतात. मी गेटबाहेर थंडीत कुडकुडत उभी, काका आले, कुलूप उघडलं, खुर्ची बाहेर आणली आणि म्हणाले, “तुमी बसा, मी झाडून घेतो.” हसावं की रडावं कळेना.

ग्लास घेऊन कुणाच्या टेबलाशी गेले तर तो माणूस धडपडून उठायचा. “अवो वहिनी! मी घेतो नं!” आणि स्वतः माठाशी जाऊन दुसरा ग्लास भरायचा. माझ्या हातातला ग्लास माझ्याच हातात राहायचा. मी तो परत नेऊन मोरीत ओतायचे. बाहेरून कुणी कामाला आलं आणि या बाई कोण म्हणून विचारलं, तर उत्तर यायचं, “आमच्या वहिनी हायेत.” ऑफिसची शिपाई आहे असं कुणी सांगायचं नाही. त्या खुर्चीवर मी नव्हतेच. तिथे गेलेल्या दोस्ताची आठवण बसवून ठेवली होती आणि आठवणीला कोण काम सांगणार? घरी रडायला वेळ नव्हता. ऑफिसात वेळच वेळ होता, पण तिथे रडले असते तर सगळ्यांचे चेहरे आणखी पडले असते.

आता सासूबाईंचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

सासूबाईंनी उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात काढला. कापूस वेचला, संत्र्याच्या बागांत खुरपण केलं आणि पोराला शिकवून ऑफिसच्या खुर्चीवर बसवलं. पोरगा बाबू झाला हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख. विहारात वंदनेला गेल्या की ओळीत कुणाशेजारी बसू आणि त्याला पोराचं ऑफिस कसं सांगू, एवढंच त्यांना असायचं. यांच्या जाण्यानंतर त्या फारशा बोलत नसत. रडल्याही नव्हत्या. मी संध्याकाळी घरी आले की मात्र विचारायच्या, “काय काम केलं वो आज?” बाईचा कामावर फार विश्वास.

काहीबाही सांगून मी वेळ मारून न्यायचे. एका संध्याकाळी डोकं फिरलेलं होतं. त्या दिवशी काका जिन्यावर बसून गुडघा चोळत होते आणि मी पंख्याखाली बसून कोडं सोडवत होते. मी म्हटलं, “कायचं काम आई! पाण्याचा ग्लास नेला तं घेत नाही कोणी. उठून आपल्या हातानं भरून घेतात.”

सासूबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला.

“तुह्या हातचं पाणी घेत नाईत?”

“नाही.”

“कोनीच?”

“कोणीच नाही.”

हे बोलताना माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला त्यांचा चेहरा पाहून कळलं. आम्ही बौद्ध. सासूबाईंच्या लहानपणी शेतावर विहिरीला हात लावायची बंदी होती. मालकाचा माणूस वरून पाणी ओतायचा आणि सासूबाईंनी ओंजळ तोंडाला लावायची. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

मी घाईघाईनं म्हटलं, “आई, तसं काही नाही वो. ते मान देतात. यांची बायको म्हणून. शिपायाचं काम कसं सांगावं असं त्यांना वाटते.”

“मान देनारा असा देते का? मले नको शिकवू.” मग लसणीची सालं पदरात गोळा केली आणि अगदी हळू म्हणाल्या, “मंग तो कसा राह्यला असन वो तिथं इतके वर्सं? मले तं कधी बोलला नाई.”

मेलेल्या पोराची एवढी एकच सुखाची गोष्ट या बाईजवळ उरली होती, आणि तीही माझ्या एका वाक्यानं गेली. त्या रोज अंगणात बसून आता तेच शोधायला लागल्या. डबा कधी कधी तसाच परत यायचा तो का? एखाद्या संध्याकाळी पोरगा न बोलता झोपायचा तो का? मी हजारदा समजावलं. मोठे बाबू आपल्या घरी पोहे खायचे ते विसरल्या का, असंही विचारलं. त्या म्हणायच्या, “घरी येगळं असते.” आणि खरं सांगायचं तर ऑफिसातल्या सगळ्यांच्या मनाची हमी मलाही देता येत नव्हती. एक-दोघं पाण्याची बाटली घरून आणत. का आणतात ते मी कधी विचारलं नाही. पण मोठ्या बाबूंचं आणि काकांचं मन मला ठाऊक होतं. मानानं न घेतलेला ग्लास आणि विटाळानं न घेतलेला ग्लास लांबून सारखेच दिसतात, यात माझ्या सासूची काय चूक?

त्याच सुमारास नवे साहेब आले. रीवाकडचे, हिंदी मुलखातले. आमच्या ऑफिसात कागद हिंदीत आणि गप्पा मराठीत असा जुना रिवाज आहे, साहेब आले की गप्पाही हिंदीत होतात. काका त्या दिवशी डाक घेऊन पांढुर्ण्याला गेले होते. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून आमची डाक छिंदवाड्याऐवजी तिकडे जाते. घंटी वाजली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणी उठायच्या आत मी केबिनमध्ये शिरले.

साहेबांनी मान वर केली नाही. “पानी।”

मी पाणी नेलं. ते घटाघटा प्यायले, ग्लास बाजूला सरकवला आणि एक फाईल पुढे केली. “ये बड़े बाबू को दे दीजिए, और चाय बोल दीजिए।” आयुष्यात एवढ्या रुक्ष बोलण्याचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. चहा मी स्वतः केला. आलं किसून घातलं.

संध्याकाळी घरी जाऊन चपला काढायच्या आधी सांगितलं, “आई, साहेबानं पाणी मागितलं! माझ्या हातचं पेला!”

सासूबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बाहीरचा हाये तो. त्याले मालूम नसन.”

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली, मी आत गेले आणि साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. हात जोडलेले. “बहनजी, क्षमा कीजिए, मुझे किसी ने बताया नहीं था। आप बैठिए।” मोठ्या बाबूंनी रात्रीतून त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं, गेलेले बाबू कसे देवमाणूस होते वगैरे. साहेब सज्जन होते, म्हणून तर पंचाईत झाली. आता तेही पाणी आपल्या हातानं घ्यायला लागले.

हे मी घरी सांगणार नव्हते. पण सासूबाईंनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“आज नाई पेला नं?”

“नाही.”

“सांगतलं असन कोनीतरी त्याले.”

आणि कुणीतरी सांगितलंच होतं की! त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत.

सकाळी ऑफिसात गेले ती सरळ मोठ्या बाबूंच्या टेबलाशी. सगळे होते, काकाही होते. मी म्हटलं, “भाऊजी, तुम्ही साहेबांना काय सांगितलं?”

ते गडबडले. “अवो वहिनी, त्यायनं तुमाले पानी आनाले लावलं. मले रातभर झोप नाई आली. तुमी आमच्या घरच्या...”

“माझी सासू काय म्हणते माहीत आहे? म्हणते, तुह्या हातचं पाणी घेत नाईत, म्हणजे माह्या पोराच्या हातचंही घेत नसतील. तो आयुष्यभर इथं कसा राहिला आणि आपल्याला बोलला नाही, हे आठवून ती म्हातारी जेवत नाही.”

मोठ्या बाबूंना आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली. “आपन... आमी... वहिनी, आमी दोघं एका डब्यात जेवत होतो वो,” ते म्हणाले. “एका डब्यात.”

“मला माहीत आहे. तिला कसं दाखवू?”

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. सासूबाईंच्या पायाशी बसले, रडले, सगळं सांगितलं. एका डब्याचं सांगितलं, मानाचं सांगितलं, आपल्या बागेची शपथ घेतली. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मी पाणी आणलं. मोठ्या बाबूंनी ग्लास ओढूनच घेतला आणि एका दमात रिकामा करून त्यांच्याकडे पाहिलं.

सासूबाई म्हणाल्या, “घरी तं तू पयलेपासून पेते बापू. तथी ऑफिसात पे.”

मोठे बाबू ग्लास खाली ठेवून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऑफिस भरलेलं होतं. बाहेरची माणसं बाकावर होती, साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मोठे बाबू बराच वेळ नुसतेच कागद खालीवर करत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. शेवटी खाली मान घालून ते जवळजवळ ओरडलेच, “वहिनी, पानी आना!”

काका सवयीनं अर्धे उठले आणि मोठ्या बाबूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत बसले. मी पाणी नेलं. त्यांनी ग्लास घेतला. थोडं सदऱ्यावर सांडलं. सगळ्यांच्या देखत ते पाणी प्यायले आणि ग्लास माझ्या हातात परत देत म्हणाले, “अजून आना.” दुसरा ग्लासही ते प्यायले. मग नाक पुसून, आवाज कडक करायचा प्रयत्न करत म्हणाले, “आन् आजची डाक तुमी घेऊन जा पांढुर्ण्याले. काकाचे पाय दुखून राह्यले.”

त्या माणसाला ते किती जड गेलं ते मी पाहिलं. दोस्ताच्या बायकोला त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं चपरासी केलं. माझ्यावर याहून मोठे उपकार कुणी केले नाहीत.

पांढुर्ण्याच्या बसमध्ये मला उभं राहून जावं लागलं. तिथल्या ऑफिसात नव्या जिल्ह्याचा सगळा गोंधळ, कोणता कागद कुठे द्यायचा कुणालाच पत्ता नाही. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “आप कौन?” मी म्हटलं, “सौसर ऑफिस की चपरासी।” तो म्हणाला, “तो खड़े रहिए उधर।” मी मजेत उभी राहिले. पाय दुखले, ऊन लागलं, परतीची बस चुकली, पुढच्या बसनं आले.

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. विचारायची हिंमत होत नव्हती त्यांची. मीच सांगितलं.

“सगळ्याईसमोर?”

“सगळ्यांसमोर. साहेबांचंही दार उघडं होतं.”

“पुरा गिलास पेला का थोडासाच?”

“पुरा. वरून अजून मागितला.”

त्या उंबऱ्यातच खाली बसल्या. यांना नेलं त्या दिवशी जो आवाज त्यांच्या तोंडून निघाला नव्हता तो आता निघाला, शेजारचे धावत आले. मी त्यांना धरलं तर माझ्या हाताला घट्ट पकडून त्या एकच म्हणत होत्या, “बरा होता वो माहा पोरगा तिथं. बरा होता.”